वकीलबाईंचा आवाज

४ मार्च, मंगळवार

"फक्त वाचायचंय हो, काका!" फक्त म्हणे!

धाकट्या मालकांनी आज केबिनमध्ये बोलावून घेतलं. "बसा" म्हणाले. हा माणूस बसा म्हणाला की समजावं, काहीतरी गळ्यात पडतंय. मागच्या वेळी बसा म्हणाले होते तेव्हा माझ्या हाताखालची दोन माणसं कमी झाली.

काम असं. कपाटातल्या सगळ्या जुन्या हार्ड डिस्क बाहेर काढायच्या. वकीलबाईंच्या मालिकेचे अकरा वर्षांचे भाग त्यांत पडून आहेत. प्रत्येक फाइल उघडून वाचणारा प्रोग्राम लिहायचा. त्यातून वकीलबाईंचा आवाज तेवढा वेगळा काढायचा, वाक्यावाक्याने कापायचा, आणि प्रत्येक तुकड्याशेजारी ते वाक्य लिहून ठेवायचं.

"कशासाठी?"

"डेटा म्हणून."

"कसला डेटा?"

"काका, तुम्ही नुसता वाचून काढा. पुढचं बाहेरची टीम बघणारे." टेबलावरचं पेन उगाच सरळ करत बसले. मग म्हणाले, "आणि मॅडमशी एवढ्यात नका बोलू यावर. प्लीज."

मॅडम म्हणजे माझी बायको. मालिका परदेशी, वकीलबाईंचा चेहरा तिकडच्या कुठल्याशा नटीचा. पण आपल्या भाषेत ती बोलते ती आमच्या हिच्या आवाजात. खालच्या मजल्यावरच्या स्टुडिओत ही माईकपुढे उभी राहते, वरच्या मजल्यावर मी कॉम्प्युटरपुढे बसतो. एकाच जिन्यावर दोघांचं पोट.

पुढचं न समजायला मी काही दूधखुळा नाही. आवाजाचे तुकडे आणि शेजारी शब्द — मशीनला बोलायला शिकवायचं असलं की हेच लागतं. मशीन हिच्यासारखं बोलायला लागेल. मग ही कशाला हवी?

आणि हे काम द्यायला माणूस कोण सापडला? मी! दुसरं कुणी नव्हतं का?

५ मार्च, बुधवार

कपाट उघडलं. धूळ. डिस्कवर नावं चिकटवलेली होती, निम्मी गळून पडलेली. आता कुठल्या डिस्कमध्ये काय, ते उघडूनच बघायचं.

फाइल म्हणजे डबा. झाकणावर काहीही लिहिलेलं असो, आत चित्राची पुडकी आणि आवाजाची पुडकी एकात एक कालवून भरलेली असतात. चित्राचं एक, आवाजाची दोन, पुन्हा चित्राचं. प्रत्येक पुडक्यावर वेळ लिहिलेली — हे अमुक क्षणाला दाखवा, हे तमुक क्षणाला वाजवा. त्या वेळेवर सगळा संसार चालतो. चित्र आणि आवाज एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. नुसती वेळ पाळतात, म्हणून लोकांना वाटतं बाई बोलतेय.

आमच्या घरचंही तसंच म्हणायचं. ही आठला जेवते, मी आठला जेवतो.

प्रोग्रामचा सांगाडा आज उभा राहिला. डबा उघड, आत काय काय आहे विचार, चित्र एकीकडे, आवाज एकीकडे, पुडकं फोड, आकडे बाहेर काढ. संवादांच्या संहिता आहेतच; कुठलं वाक्य कुठे सुरू, कुठे संपलं, त्यात लिहिलंय. त्या वेळेवर कापायचं. वीस वर्षांपूर्वी मोठ्या कंपनीत होतो तेव्हा असला सांगाडा दोन तासांत उभा करायचो. आज दिवस गेला.

७ मार्च, शुक्रवार

जुन्या भागांत एक भानगड आहे. त्यांत सगळे आवाज एकाच नळीत ओतलेत. वकीलबाई, न्यायाधीश, मागचं संगीत, दाराचा धाडकन आवाज — सगळा काला. तिथे चित्राची मदत घ्यावी लागते. चित्रातून वकीलबाईंचा चेहरा शोधायचा, ओठ हलतायत का बघायचं, आणि हलत असतील तेवढाच आवाज उचलायचा.

म्हणजे दिवसभर मी एका परक्या बाईच्या तोंडाकडे टक लावून बसतो आणि त्यातून माझी बायको बोलते. कुणाला सांगितलं तर हसतील. मला हसू आलं नाही.

दुपारी मालकांच्या केबिनमध्ये डोकावलो. विचारलं, "ही एवढी उठाठेव कशाला? मॅडमना बोलावून चार दिवस नवं रेकॉर्डिंग घ्या की. स्वच्छ मिळेल."

चपापले. "नको काका. जुनाच पाहिजे. जुना जास्त चांगला आहे."

जुना चांगला! सरळ सांगा ना — नवं रेकॉर्डिंग घ्यायचं तर तिला सांगावं लागेल, तिची परवानगी लागेल. जुना आवाज आयता पडलाय कपाटात. चोराला कुलूप नसलेलं घरच बरं वाटणार.

आणि मी? मी त्या चोराला बॅटरी धरतोय. तोंड उघडायची हिंमत नाही. चोपन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभं करणार? मागे एका ठिकाणी मुलाखतीला गेलो तर समोरच्या पोराला वाटलं, मी कुणाला तरी सोडायला आलोय.

१० मार्च, सोमवार

ही आज स्टुडिओत आली नाही. घरी गेलो तर खिडकीपाशी बसून होती. "काय गं, आज सुट्टी?" तर नुसता हात हलवला.

"बरं नाही का?"

"घसा बसलाय." एवढंच. तेही पुटपुटल्यासारखं.

हिचा घसा म्हणजे घरातलं तिसरं माणूस. त्याला थंड चालत नाही, त्याला पंखा चालत नाही, त्याच्या झोपेच्या वेळी टीव्ही चालत नाही. आयुष्यभर मी त्या घशाची मर्जी सांभाळली. आणि आता त्याचेच तुकडे करून डब्यात भरतोय!

११ मार्च, मंगळवार

पहिल्या वर्षाचे भाग संपले. दोन डिस्क उघडतच नाहीत. त्यांचं नशीब चांगलं.

१३ मार्च, गुरुवार

मधल्या वर्षांच्या डिस्क हाती लागल्या. यांत नुसते तयार भाग नाहीत, कच्चे टेकही आहेत. म्हणजे माईक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत जे काही झालं ते सगळं. खोकणं, पाणी पिणं, "परत घेऊया", "कागदाचा आवाज आला का हो?"

एक टेक. वकीलबाईंचं कोर्टातलं लांबलचक भाषण. हिने ते एका दमात म्हटलंय. संपल्यावर रेकॉर्डिस्ट दाढीवाला काचेपलीकडून म्हणतो, "ताई, अंगावर काटा आला." आणि ही हसते. मोकळं, गळ्यातून, अगदी खालून आलेलं हसू. मी हेडफोन कानावर दाबून धरला. हे हसू मी कधी ऐकलं होतं शेवटचं?

पुढचा टेक. दाढीवाला विचारतो, "आज घाई नाही का घरी जायची?" तर ही म्हणते, "घरी कोण वाट बघतंय? एक माणूस आहे. पण तो स्क्रीनशी बोलतो."

दोघं हसली. मी टेक थांबवला.

सात वर्षांपूर्वीचं बोलणं. तरी आज झोंबलं. सरळ मला म्हणाली असती तर? पण माझ्याशी बोलायचं ते माईकशी बोलली. मीही काय कमी — ते ऐकायला मला प्रोग्राम लिहावा लागला.

तो तुकडा मशीनला दिला नाही. माझ्याकडेही ठेवला नाही. पुसून टाकला. मग वाटलं, त्याच्यामागचं ते हसू तरी ठेवायला हवं होतं.

१७ मार्च, सोमवार

हिला स्टुडिओतून बोलावणं नाही. हा दुसरा आठवडा. वकीलबाईंचे भाग "थोडे पुढे ढकललेत" म्हणे. ढकललेत! मशीन तयार होईपर्यंत थांबलेत, दुसरं काय?

चहाच्या मशीनपाशी दाढीवाला भेटला. मला बघितलं आणि कप अर्धवट भरून निघाला. मी आडवा आलो.

"काय रे, खाली काम नाही वाटतं?"

"आहे ना. छोटी छोटी कामं आहेत."

"आणि वकीलबाई?"

त्याने दाढी खाजवली. "तुम्ही ताईंशी बोललात का?"

"मी काय बोलू? तूच सांग की काय चाललंय ते."

"मी नाही बोलू शकत," म्हणाला. "तुम्ही विचारा त्यांना. घरचे आहात." आणि पळाला.

म्हणजे यालाही सगळं ठाऊक आहे! अकरा वर्षं ताई ताई करत मागे फिरला, तिच्या डब्यातलं खाल्लं, आणि आता शेपूट घालून बसलाय. मला शिकवतो, विचारा म्हणे. काय विचारू? तुझा आवाज मी चोरतोय, तुला कसं वाटतं?

२० मार्च, गुरुवार

लेकीचा फोन. नोकरी परगावी, त्यामुळे फोनवरच काय ती भेटते. मला दोन मिनिटं "जेवलास का, बीपीची गोळी घेतलीस का" झालं, मग म्हणाली, "आईला दे."

हिने फोन घेतला आणि आत गेली. दार लोटून घेतलं. पंधरा मिनिटं झाली, वीस मिनिटं झाली. आतून हिचा आवाज येत नव्हता. लेकच बोलत असणार. परत आली तेव्हा डोळे लाल.

फोन माझ्या हातात दिला तेव्हा लेक अजून लाइनवरच होती. "बाबा, तू आईशी जरा नीट वाग हं."

"मी काय केलं?"

"काही नाही. तेच म्हणतेय. काहीतरी कर."

दोघी एका बाजूला. नेहमीसारख्याच. मी आपला खर्चाचा आणि गोळ्यांचा धनी.

२२ मार्च, शनिवार

आज न राहवून विचारलं. चहा घेताना.

"तुला बोलावत नाहीत स्टुडिओत, तू काही बोलणार आहेस की नाही त्यांना?"

कप खाली ठेवला. "काय बोलू?"

"का बोलावत नाहीत म्हणून विचार! अकरा वर्षं घातलीस तिथे. बँकेतला माणूससुद्धा फोनवर तुझा आवाज ओळखतो. 'ऑब्जेक्शन' म्हणून दाखवा म्हणाला होता, आठवतं? आणि हे असे गप्प बसवतायत तुला, आणि तू बसतेस!"

माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. काहीतरी मोजत असल्यासारखी. ओठ उघडले. मला वाटलं, आता बोलेल.

"चहा गार होतोय तुमचा," म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. कप तसाच ठेवून बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो, काही घ्यायचं नव्हतं, परत आलो. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं — की बाई, तुझ्याच नवऱ्याच्या हाताने हे चाललंय. जिना चढताना वाक्यं जुळवली. दार उघडल्यावर एकही आठवलं नाही.

ही आत पलंगावर पडलेली. पाठ माझ्याकडे.

२४ मार्च, सोमवार

ठरलं. हिला लढता येत नसेल तर मी लढतो. आणि माझं शस्त्र कुणाला दिसणारही नाही!

प्रत्येक पुडक्यावर वेळ असते ना, ती मी वाचतो. मीच वाचतो, दुसरं कुणी तपासत नाही. तर ती वाचताना थोडी हलवायची. कधी अर्धा क्षण पुढे, कधी मागे. सगळीकडे सारखी नाही — सारखी हलवली तर कुणीतरी हुशार माणूस एका फटक्यात दुरुस्त करेल. इकडे एवढी, तिकडे तेवढी. मग वाक्य कापलं जाईल ते चुकीच्या जागी. या वाक्याची शेपटी त्या वाक्याला, शब्दाचं डोकं उडालेलं, "न्याय" लिहिलेल्या जागी "याल". फाइल उघडेल, आवाज वाजेल, लांबी बरोबर असेल. वरून बघणाऱ्याला काही दिसायचं नाही. पण यावर शिकलेलं मशीन बोबडं होईल.

चार ओळींचा बदल. किती वर्षांनी मला माझं काम आवडलं!

प्रोग्राम पहिल्या डिस्कपासून पुन्हा चालू केला. आधीचे नीट कापलेले तुकडे पुसले.

२६ मार्च, बुधवार

माल पोचता केला. धाकटे मालक उठून उभे राहिले, माझा हात दोन्ही हातांत धरला. "काका, तुमचे उपकार विसरणार नाही." डोळे बिळे ओले. नाटकी मनुष्य! थोरले मालक असे नव्हते. ते शिव्या घालायचे, पण तोंडावर.

मी म्हटलं, "उपकार कसले. फक्त वाचून तर काढलंय."

२८ मार्च, शुक्रवार

बाहेरच्या टीमकडे मशीन शिकतंय. शीक बाबा.

३१ मार्च, सोमवार

आज ऐकलं.

मालकांच्या केबिनमध्ये मी, ते आणि दाढीवाला. दार बंद. मालकांनी एक वाक्य टाइप केलं आणि बटण दाबलं.

हिचा आवाज होता. तोच. पण तोंडात काहीतरी कोंबल्यासारखा. शब्द सुरू व्हायच्या आत संपत होते, मध्येच एखादा गिळला जात होता, वाक्याच्या शेवटी दुसऱ्याच वाक्याचा तुकडा लोंबत होता. झटका आलेलं माणूस बोलायची धडपड करतं तसं. मी ठरवलं होतं की चेहरा कोरा ठेवायचा. माझंच काम, आणि मलाच ऐकवेना.

मालकांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

मला वाटलं होतं, आरडाओरडा करतील. केला नाही. खुर्चीत मागे टेकले. "काका, हे परत नीट काढता येईल?"

"फाइलीच तशा आहेत," मी म्हणालो. "जुन्या. वेळा बिघडलेल्या आहेत आत. काही उपाय नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

दाढीवाल्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मालक कितीतरी वेळ कपाळ धरून बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. मालिकेला दुसरा आवाज बघावा लागेल. चॅनेलवाले आता थांबायचे नाहीत. मॅडमना मी सांगतो."

दुसरा आवाज! म्हणजे हिला परत घेणार नाहीतच. चोरी फसली तरी आकस आहेच. पण असू दे. काम जाईल तर जाऊ दे, आवाज तर हिचा हिच्याकडे राहिला. त्याला कुणी वापरणार नाही. शिट्टी वाजवत जिना उतरलो. खालच्या वॉचमनने वळून बघितलं.

२ एप्रिल, बुधवार

लिहवत नाही, पण लिहितो.

आज येताना केकचे दोन तुकडे आणले. हिला आवडतो तो, वर अक्रोड असलेला. घरी आलो तर ही दिवाणखान्यात, बाहेरच्या चपला पायात, पर्स मांडीवर. दिवा लावलेला नव्हता. समजलो — मालकांनी बोलावून सांगितलं असणार.

"काय म्हणाले?" मी विचारलं. "ऐकवलं का तुला ते मशीन?"

हिने मान हलवली. हो.

मला राहवलं नाही. तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. कपाट, डिस्क, मला तोंड बंद ठेवायला सांगितलं ते, परक्या बाईच्या ओठांवरून तिचा आवाज शोधला ते. आणि मग — केवढ्या तोऱ्यात! — ती चार ओळींची गंमत. "मीच बिघडवलं ते! वेळा हलवल्या. कुणाच्या बापाला कळलं नाही. आता त्यांचं मशीन जन्मात बोलायचं नाही तुझ्यासारखं. वाचवला मी तुझा आवाज!"

केकचा डबा माझ्या हातातच होता. कुठलंसं बक्षीस द्यायला आल्यासारखा धरला होता मी.

ही माझ्याकडे बघत होती. सुरुवातीला वाटलं, समजलं नसेल. मग तिचा हात हळूहळू गळ्यापाशी गेला आणि तिथेच राहिला. चेहरा असा झाला की मी बोलायचा थांबलो. पर्स मांडीवरून खाली पडली, तिने उचलली नाही. उठली, आत गेली, कडी लावली. या घरात आतून कडी लावलेली मी पहिल्यांदा ऐकली.

दाराशी उभा राहिलो. "अगं, झालं काय? माझी नोकरी जाईल म्हणून घाबरलीस का? जाऊ दे की!"

एक शब्द नाही. ज्या बाईसाठी मी मालकाच्या डोळ्यांत धूळ फेकली, उभ्या आयुष्यात केली नाही ती लबाडी केली, तिच्याकडून एक शब्द नाही! शाबासकी नको, शिवी तरी दे. नाही. माझ्या वाट्याला कडी.

केक ओट्यावर आहे. मी सोफ्यावर आहे. बरोबर आहे तिचं, स्क्रीनशी बोलणंच बरं.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी कडी निघाली. ही माझ्या पायांशी सोफ्यावर बसली. इतक्या घोगऱ्या आवाजात बोलली की मला कान जवळ न्यावा लागला.

गाठ आहे. वाईट आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, स्वरयंत्र काढणार. लेकीला माहीत आहे. बाहेर फुटू नये म्हणून मालकांना आणि दाढीवाल्याला शपथ घातली होती. मला सांगणार होती, रोज सांगणार होती. "तुमचा चेहरा बघितला की शब्द फुटायचा नाही."

"मीच गेले होते मालकांकडे. म्हटलं, जुना चांगला आवाज आहे, त्यातून करा. पण काम ह्यांच्याकडे द्या. दुसरा कुणी माझा आवाज कापत बसलेला मला नको." मग थांबली, पाणी प्यायली. "मालिकेचं जाऊ दे हो. मला तो घरी हवा होता. तुमच्याशी बोलायला."

दोघं ऑफिसात आलो. डिस्क अजून कपाटातच होत्या. त्या चार ओळी काढल्या, पहिली फाइल उघडली. ही शेजारी खुर्ची ओढून बसली आहे. एकच हेडफोन, एक बाजू तिच्या कानाला, एक माझ्या. शब्द नीट कापला गेला की ती मान हलवते, मग मी पुढच्याकडे जातो.